नाक्यावरचे नाक

फाल्गुन सरत आला की खकनारच्या रानात मोह गळू लागतो. पहाटेच्या अंधारात कोरकू बायका आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढले की गुरेढोरे वाटेकरी होतात. रसाने फुगलेली ही पिवळट फुले अंगणात वाळत पडली की साऱ्या वस्तीवर गोड, किंचित आंबूस वास बसतो. त्यातली काही बाजारात जातात, काही घरात खायला राहतात, काही भट्टीच्या मडक्यात पडतात. देवाला, पाहुण्याला, लग्नाला, मयताला मोहाची धार लागतेच.

हाच वास रात्री डांबरी रस्त्यावर आला की त्याचे नाव बदलते. लग्नाहून परतणारी मोटारसायकल नाकाबंदीत अडते. इथल्या मराठी-निमाडी-कोरकू मुलखात खाकी वर्दी हिंदीतच बोलते, म्हणून हुकूमही हिंदीत येतो: ‘‘फूँक मारो.’’ शिपाई प्लॅस्टिकची छोटी पिशवी दाताने फाडतो, आतली पांढरी नळी हातातल्या यंत्राला बसवतो आणि ती समोरच्याच्या ओठांशी धरतो. पहिली फुंक अर्धवट सुटते, यंत्र चिडल्यासारखे दोनदा वाजते. ‘‘लंबी मारो, लंबी.’’ दुसऱ्या फुंकेला पडद्यावर आकडा उमटतो. तीसच्या आत असेल तर गाडी सुटते. तीसच्या वर असेल तर चावी काढली जाते.

या आकड्यापर्यंत पोचायला माणसाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्या काळात आपल्या मुलखातल्या सरकारांनी दारू पिणाऱ्याला तीन वेगवेगळे प्रश्न विचारले. पहिला प्रश्न: कर भरलास का? दुसरा: प्यालास का? तिसरा: किती प्यालास, आणि हातात गाडी आहे का? या तिघांत तिसरा सर्वांत न्याय्य आहे, आणि तो विचारता आला तो केवळ या यंत्रामुळे. पण यंत्र तिसऱ्या प्रश्नासाठी हातात घ्यायचे आणि त्याच्या आडून पहिले दोन वसूल करायचे, हा मोह सरकारला सुटत नाही. आमचे म्हणणे या मोहाविषयी आहे.

पहिला प्रश्न इंग्रजी अमदानीतला. तेव्हा आरोपी असे ती दारू, पिणारा नंतर. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला आणि गावोगावच्या भट्ट्यांवर सरकारी कुलूप पडले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलावरच वेगळा कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूलही घरात ठेवणे नियमांच्या कक्षेत आले. बऱ्हाणपूर आणि खकनार तेव्हा मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. तिथे १९१५ चा आबकारी कायदा लागू झाला, आणि नावात ‘मध्य प्रदेश’ घालून तोच आजही चालू आहे. या कायद्यांना माणसाच्या शुद्धीशी कर्तव्य नव्हते. सरकारी गाळपाची दारू पिऊन कोणी गटारात लोळला तरी तिजोरीचे नुकसान नव्हते. घरच्या मडक्यातली पावशेर दारू मात्र चोरी होती. पुरावा कसला? आंबवणाचा वास, धूर, मडके आणि खबऱ्या. आबकारीच्या शिपायाचे नाक हेच त्या काळचे यंत्र होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने दुसरा प्रश्न विचारला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय दारू पिणे हाच गुन्हा ठरवला. तापीच्या खालच्या अंगाला, खानदेशात, हा कायदा. वरच्या अंगाला निमाडात दुसरे राज्य आणि दुसरा कायदा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मेळघाटासह वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिले, आणि खकनारच्या जंगलातून राज्याची सीमा गेली. सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच मोह, तेच कोरकू, तीच सोयरीक. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरासाठी ठराविक मर्यादेत मोहाची दारू गाळण्याची सूट आहे. एका ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे एकच घोट गुन्हाही ठरतो आणि रिवाजही.

दुसऱ्या प्रश्नाची खरी अडचण मात्र कोर्टात उघडी पडली. ‘प्यालास’ हे सिद्ध कसे करायचे? १९५१ मध्ये बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने दारूबंदीच्या कचाट्यातून सोडवली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रात्री एका जीपने रस्त्यावरच्या तिघांना धडक दिली. जीप चालवणारा गृहस्थ मुंबई विभागाचा प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी होता. इस्पितळात त्याच्या तोंडाला दारूचा वास आला. तो म्हणाला, मी जेवणानंतर टॉनिक घेतले होते, आणि टॉनिकात अल्कोहोल असतेच. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सोडले. वास दारूचा की औषधाचा हे सांगण्याची जबाबदारी सरकारची, आरोपीची नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पेसिकाका खटला म्हणून हा निकाल घटनेच्या अभ्यासकांना पाठ असतो, पण त्यात एक साधी गोष्टही सांगितली आहे. नाकाला वास कळतो, बाटली कळत नाही.

यावर मुंबई राज्याने १९५९ मध्ये जे केले त्याची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात एक आकडा घातला: रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडले, तर ते औषधातले होते हे आरोपीने दाखवावे. ब्रिटनने ८० मिलिग्रॅमचा आकडा कायद्यात घातला तो १९६७ मध्ये. म्हणजे ज्यांच्याकडून आपण कायदे उसने घेतले असे मानतो, त्यांच्या आठ वर्षे आधी मुंबईत रक्ताच्या आकड्याला कायद्यात जागा मिळाली होती. फरक एवढाच की ब्रिटनचा आकडा चाकामागच्या माणसासाठी होता. आपला आकडा घरात बसून पिणाऱ्यालाही लागू होता. शास्त्र आपण लवकर आणले, पण त्याला जुन्याच प्रश्नाच्या दावणीला बांधले.

या आकड्याबरोबर कागदपत्रांचा व्यापही आला. १९५९ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आरोपीचे बोलणे, चालणे, बुबुळे तपासायची. रक्त घेताना कातडीला स्पिरिट लावायचे नाही. किमान ५ सीसी रक्त कुपीत भरून मोहोरबंद करायचे. डॉक्टरांच्या शेऱ्यात एक वाक्य रूढ झाले, ‘दारू घेतलेली आहे, पण अंमलाखाली नाही.’ पोलीस पाटलापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ते वाक्य ठाऊक असे. १९६१ च्या एका मोटार अपघाताचा खटला १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा वाद रक्तापेक्षा कुपीवर रंगला. घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती कोणाच्या ताब्यात होती, मोहोर कोणी लावली, मधल्या काळात हात लागला नाही याचा पुरावा काय? पुढे १९७१ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले. तोंडाला वास, तोल गेलेली चाल, अडखळते बोलणे, विस्फारलेली बुबुळे, एवढ्यावरून माणूस नशेत होता असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्त किंवा लघवीची तपासणी का केली नाही? नाकाच्या साक्षीचा दर त्या दिवशी पडला.

इथे क्षणभर दूर जाऊ, कारण नाकाला पर्याय तिकडे शोधला जात होता. गंमत म्हणजे सुरुवात पोलिसांनी केली नाही. लंडनचे डॉक्टर फ्रान्सिस अँस्टी यांना १८७० च्या सुमाराला एवढेच जाणून घ्यायचे होते की प्यालेली दारू शरीरात जळते की तशीच बाहेर पडते. त्यांनी गंधकाच्या तेजाबात विरघळवलेले क्रोमियमचे तांबूस-नारिंगी द्रावण घेतले. अल्कोहोल भेटले की ते हिरवे होते. श्वासाने ते हिरवे झाले, पण अगदी थोडे: बहुतेक दारू शरीरात जळते, थोडीच श्वास-लघवीतून निघते. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एमिल बोगन यांनी लोकांना फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये फुंकायला लावून तोच श्वास रसायनातून नेला. इंडियाना विद्यापीठाचे रोला हार्गर यांनी फुगा वापरला. जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचा रंग उडायला किती श्वास लागला यावरून दारू मोजायची. त्या यंत्राचे नाव ‘ड्रंकोमीटर’. १९३८ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री इंडियानापोलिसच्या पोलिसांनी ते पहिल्यांदा रस्त्यावर आणले. त्याच इंडियाना राज्याच्या पोलीस खात्यात छायाचित्रकार म्हणून लागलेले रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी १९५४ मध्ये ‘ब्रेथलायझर’ बनवला. रंग किती बदलला हे माणसाच्या डोळ्याने ठरवण्याऐवजी त्यांनी प्रकाशविद्युत घटाकडून ठरवले. ज्याने कॅमेऱ्यातून उजेड मोजला, त्यालाच हे सुचावे यात नवल नाही.

या सगळ्या यंत्रांच्या तळाशी एकच निसर्गनियम आहे, आणि खकनारच्या भट्टीवर बसलेल्या म्हाताऱ्याला तो हाताने माहीत आहे. आंबवण तापले की पाण्याआधी दारू वर उडते. वरचे थंड भांडे तिला अडवते आणि धार सुरू होते. फुप्फुसातही हेच होते, फक्त आच शरीराची. तिथल्या बारीक पिशव्यांच्या भिंतीपलीकडे रक्त वाहत असते. त्यातले अल्कोहोल हवेत उतरते, आणि रक्तात जितके जास्त तितके हवेतही जास्त. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये वायू आणि द्रव यांच्यातल्या या प्रमाणाचा नियम मांडला. ढोबळ हिशेब असा की २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढे एक मिलिलिटर रक्तात. ‘लंबी मारो’ हा शिपायाचा हुकूम त्यासाठीच असतो. तोंडातली हवा उपयोगाची नाही, तळाची हवी.

आपल्या कायद्यातली मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. तिचा श्वासात हिशेब मांडला तर एका लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम येते. हातातले यंत्र त्यातूनही जेमतेम एक मिलिलिटर हवा ओढते. म्हणजे एका मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि त्याचाही सातवा हिस्सा, त्याला ओळखायचा असतो. हे काम करतो प्लॅटिनमचा लेप दिलेला बोटाच्या पेराएवढा घट, ज्याला फ्युएल सेल म्हणतात. अल्कोहोल त्याच्या एका बाजूवर बसते आणि तिथे त्याचे ॲसेटिक आम्ल होते. शिर्का जसा बनतो तशीच ही क्रिया, पण क्षणार्धात होणारी. त्या क्रियेत सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून पळतात, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून दुसऱ्या बाजूला पाणी होते. जितके अल्कोहोल तितकी वीज. विजेची मोजणी म्हणजे नशेचा आकडा. फ्युएल सेलची मूळ कल्पना वेल्समधल्या विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमाराला मांडली. तिच्यावर चालणारा हातात मावेल असा श्वासमापक १९७४ मध्ये बनवला तोही वेल्समधल्याच टॉम पॅरी जोन्स यांनी. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या रसायनशास्त्रज्ञाची मातृभाषा वेल्श होती.

स्वस्त यंत्रांत मात्र हा घट नसतो. त्यांत टिन ऑक्साइडचा अर्धवाहक असतो, जो अल्कोहोलला दाद देतो तशी इतर वाफांनाही देतो. मधुमेह्याच्या श्वासातले ॲसिटोन, सिगारेटचा धूर अशांनीही तो चाळवतो. दोन्ही यंत्रे दिसायला सारखी, दोन्हींवर हिरवे-लाल दिवे. फरक आतला आहे, आणि रस्त्यावर उभ्या माणसाला तो बाहेरून दिसत नाही.

तिसरा प्रश्न भारतात खऱ्या अर्थाने विचारला गेला तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम १८५ ने. सुरुवातीला त्यात ‘कितीही अल्प’ अल्कोहोल गुन्हा होते. १९९४ च्या दुरुस्तीने ३० मिलिग्रॅमची रेघ आली आणि तिच्याबरोबर श्वासमापकाचा उल्लेखही. मुंबईत २००७ मध्ये वाहतूक पोलिसांनी रात्रीची मोहीम सुरू केल्यावर शहरी मध्यमवर्गाला हे यंत्र पहिल्यांदा नीट भेटले. पार्टीला गाडी कोण चालवणार हा प्रश्न घराघरांत तेव्हापासून निघू लागला. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला. मोसमी कामावर जगणाऱ्या माणसाला तो आकडा श्वासाच्या आकड्याहून जास्त भोवतो.

या प्रश्नाचा मोठेपणा कशात आहे? तो बाटली बघत नाही. विलायती असो, देशी असो, मोहाची असो, अल्कोहोलचा रेणू एकच. बऱ्हाणपूरच्या हॉटेलातून मोटारीने निघालेला व्यापारी आणि लग्नातून मोटारसायकलने निघालेला कोरकू तरुण यांच्यात यंत्र फरक करत नाही. आबकारीच्या नाकाने तो नेहमी केला. मोहाचा वास त्याला लांबून येई, विलायतीचा कमी. आणखी एक गोष्ट आहे. विलायतीच्या बाटलीवर तिची तीव्रता छापलेली असते, मोहाच्या धारेवर कोणी लेबल लावत नाही. पहिली धार आणि शेवटची धार यांच्या ताकदीत मोठे अंतर असते. साठ किलोच्या पुरुषाच्या शरीरात साधारण १२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेले की तो तीसच्या रेघेला टेकतो. पेल्यात किती ग्रॅम आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते. अशा ठिकाणी बाटलीचा कायदा थिटा पडतो, शरीराचा आकडा उपयोगी पडतो. केळीने लादलेला ट्रक रात्री रावेरकडे निघतो तेव्हा समोरून येणाऱ्याला त्या आकड्याचाच आधार आहे.

पण आकड्याचा आदर करायचा तर त्याच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. २१०० चे प्रमाण सरासरी आहे. माणसागणिक ते कमी-जास्त असते. घोट नुकताच घेतला असेल, द्राक्षासव किंवा खोकल्याचे औषध नुकतेच तोंडात गेले असेल, तर तोंडातली वाफच यंत्रात जाते. म्हणून फुंकण्याआधी पंधरा मिनिटे थांबायचे असते. घट जुना होतो, त्याची जाण मंदावते. म्हणून ठराविक मुदतीने माहीत असलेल्या प्रमाणाच्या अल्कोहोल-वाफेवर तो पारखून घ्यावा लागतो. कायद्याने हे ओळखले आहे. कलम २०३ मध्ये श्वासचाचणी म्हणजे अल्कोहोल असल्याचा ‘संकेत’ मिळवण्याची चाचणी असे म्हटले आहे. संकेताला निकालाचे वजन येऊ नये म्हणूनच रक्ततपासणीचे कलम मागे ठेवले आहे. अटक केलेल्या माणसाची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावे, असेही कायदा सांगतो.

हे दोन तास शहरात एक असतात आणि खकनारला दुसरे. शरीर तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम अल्कोहोल काढून टाकते. नाक्यावर पन्नासला असलेला माणूस दोन तासांनी वीसला येतो. उलट शेवटचा पेला नुकताच रिचवलेला असेल तर पहिल्या अर्ध्या तासात आकडा चढतोही. म्हणजे उशीर झाला तर खरा दोषी सुटतो आणि निर्दोष असलेल्याच्या हातून स्वतःचा पुरावाही निघून जातो. दुसरी चाचणी जितकी लांब, तितका पहिल्या यंत्राचा शब्द अंतिम. ज्या यंत्राने नाकाची मनमानी मोडली, त्या यंत्राची मनमानी मोडायला जवळ काही नसेल, तर नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही.

हे कल्पनेचे भय नाही. बिहारने २०१६ मध्ये दारूबंदी केली आणि श्वासमापक थेट दुसऱ्या प्रश्नाच्या कामाला लावला. रस्ता नाही, चाक नाही; नुसते प्यालास का, एवढ्यासाठी फुंक. पाटणा उच्च न्यायालयाला अलीकडे सांगावे लागले की केवळ या यंत्राचा अहवाल हा मद्यपानाचा निर्णायक पुरावा नव्हे, आणि त्यासाठी आधार घेतला गेला तो महाराष्ट्रातून गेलेल्या १९७१ च्या त्याच निकालाचा. नाकाला शिकवलेला धडा पन्नास वर्षांनी यंत्राला शिकवावा लागला. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्यांची कळकळ आम्हाला मान्य आहे. दारूने मोडलेली घरे या तालुक्यातही आहेत, आणि ती सावरण्यासाठी उभ्या राहणाऱ्या बायकांना नाकाने कांदे सोलणारे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण घर सावरण्याचे काम समुपदेशनाचे, इलाजाचे, दुकान कुठे असावे यावर गावाच्या शब्दाला वजन देण्याचे आहे. फुंकेच्या आकड्याने ते होणार नाही.

यंत्र कसे वापरावे याचा चांगला नमुना जवळच आहे. बऱ्हाणपूर स्थानक ज्या भुसावळ विभागात येते, त्या रेल्वेत गाडी चालवणारा कामावर रुजू होताना यंत्रात फुंकतो आणि उतरतानाही फुंकतो. कालचा नवखा असो की तीस वर्षांचा मुरलेला, नेम सगळ्यांना एकच. तिथे कोणाच्या चेहऱ्याकडे, कपड्यांकडे, आडनावाकडे बघून फुंकायला लावत नाहीत. म्हणून कोणाचा अपमानही होत नाही. रस्त्यावर मात्र कायद्याने चाचणी ‘संशयावरून’ ठेवली आहे, आणि संशय हा नाकाचा जुना भाऊ. नाकाबंदीत दर पाचवी किंवा दहावी गाडी, मोटार असो वा दुचाकी, असा नेम पाळला तर शिपायाच्या मनातली निवड संपते.

आणखी एक बदल दारात उभा आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने पुराव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या श्वासमापकांना वैध मापनशास्त्राच्या नियमांत आणण्याचा मसुदा पुढे केला: यंत्राची सरकारी पडताळणी, त्यावर शिक्का, आणि दरवर्षी पुन्हा तपासणी. हे नियम कागदावरून नाक्यावर यावेत यासाठी आमची मागणी साधी आहे. प्रत्येक यंत्रावर पडताळणीची तारीख दिसेल अशी असावी. आकड्याची छापील पावती जागीच मिळावी. नळी माणसासमोर फोडलेल्या पाकिटातली असावी. करोनाच्या साथीत संसर्गाच्या भीतीने फुंकायला लावणे थांबवावे लागले होते, ते विसरू नये. पंधरा मिनिटांचा थांबा आणि दुसरी फुंक हा माणसाचा हक्क आहे हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे. हिंदीत, मराठीत, कोरकूत. आणि खकनारसारख्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात रात्रीही रक्ताचा नमुना मोहोरबंद घेण्याची सोय असावी, म्हणजे दोन तास हे दोन तासच राहतील.

आठवडी बाजारात मोहफुले विकायला आलेली बाई व्यापाऱ्याच्या तागडीकडे बघते, मग वजन उचलून उलटे करते आणि तळाचा शिक्का शोधते. शिक्का वाचता येत नसला तरी तो आहे की नाही हे तिला कळते. नसेल तर ती टोपली उचलते. तिची फुले तोलणाऱ्या वजनाला हा देश दीर्घकाळ शिक्का मागत आला आहे. रात्री तिच्या मुलाचा श्वास तोलणाऱ्या यंत्रालाही तोच शिक्का हवा, आणि ते उलटे करून बघण्याची मुभा त्या मुलाला हवी.